रेड वाइनबरोबर चीज खाल्लं की तोंड का कळकतं? (स्पॅनिश चीज आणि त्यांचे खरे सोबती)

मेसेताकर | शनिवार, रात्री ११:२०

गेल्या आठवड्यात पुण्याहून शाळेतला मित्र आला होता. माद्रिदच्या विमानतळावरच त्याने रिओहा भागातली ग्रान रेसेर्वा, म्हणजे वर्षानुवर्षं मुरवलेली रेड वाइन, उचललेली, चांगली महागातली. "आज चीज आणि रेड वाइन, एकदम युरोप!" असं जाहीर करून बसला. घरात तेतिया होतं. गालिसियाचं, गाईच्या दुधाचं, लोण्याच्या वळणाचं मऊ चीज. (आकारावरून नाव पडलंय. फोटो बघा, अर्थ आपोआप कळेल.) एक घोट, एक तुकडा, दुसरा घोट, आणि गड्याचा चेहरा असा झाला की कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यातलं ताक पाजलं असावं. "कळकलंय रे हे!"

वाइन उत्तम होती आणि चीजही ताजं होतं. कळकली ती जोडी.

मला इथे वायादोलिदमध्ये अकरा वर्षं झाली. एका अंगाला रुएदाची व्हाइट, दुसऱ्या अंगाला रिबेरा देल दुएरोची रेड, दोन्ही तासाभराच्या आत. पहिली दोनतीन वर्षं मीही 'चीज म्हणजे रेड' हेच धरून चाललो होतो. आता माझं मत नेमकं उलटं आहे. स्पेनमधल्या बहुतेक चीजांना रेड चालत नाही, आणि ज्या एका वाइनला जवळजवळ सगळी चालतात, तिला आपल्याकडे कोणी विचारत नाही. ती म्हणजे दक्षिण स्पेनची शेरी. गोड, चिकट, केकमध्ये घालायची शेरी डोळ्यांपुढे आणू नका. मी फिनो, मान्सानिया, आमोन्तियादो या तिच्या प्रकारांबद्दल बोलतोय. त्या ठणठणीत कोरड्या असतात.

कळकण्याचं कारण साधं आहे. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचा, बियांचा आणि पिंपाच्या लाकडाचा तुरटपणा उतरलेला असतो. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ कशी खरखरीत होते, तसाच. हा तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना पकडतो. वर मऊ, दुधाळ चीजचा थर बसला की वाइनमधली फळाची चव दबते आणि मागे उरतं ते लाकूड, कडवटपणा आणि तांब्यापितळेची चव. वाइन जितकी भारी आणि लाकडात मुरलेली, तितकं हे जास्त. मित्राचे पैसे म्हणजे अक्षरशः त्याच्याच विरोधात गेले.

स्पॅनिशमध्ये एक वाक्प्रचार आहे: 'के नो ते ला देन कोन केसो'. म्हणजे 'चीजबरोबर देतील, घेऊ नकोस', आपल्या भाषेत 'टोपी घालून घेऊ नकोस'. लोक याची गोष्ट अशी सांगतात की घाऊक गिऱ्हाईक वाइन चाखायला आलं की लबाड विक्रेता आधी झणझणीत चीज पुढे करायचा. जीभ भरली की आंबायला लागलेलं पिंपही खपून जायचं. गोष्ट खरी असो वा रचलेली, चीज वाइनची चव झाकतं एवढं अनुभवाचं ज्ञान तिच्यात आहे.

तुमचे अनुभव येऊ द्या.

चिंचगूळ | शनिवार, रात्री ११:५२

मस्त धागा, वाखू (वाचनखूण) साठवली. 'कळकलं' हा शब्द इथे इतका फिट्ट बसेल असं वाटलं नव्हतं. आईकडे कल्हईवाला यायचा ते आठवलं.

एक शंका. आमच्या घरी सगळे शाकाहारी. वाइन चालते (हसू नका), पण चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात असं वाचल्यापासून सासूबाईंनी आयात चीज बंद केलंय. स्पेनचं एखादं चालेल का?

मेसेताकर | रविवार, सकाळी १०:०५

चिंचगूळ, सासूबाई बरोबर आहेत. दूध साकळायला जे रेनेट लागतं ते पारंपरिक चीजांमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं असतं. मांचेगो हे मेंढीच्या दुधाचं प्रसिद्ध चीजसुद्धा त्यातच आलं.

पण सासूबाईंना सांगा की एस्त्रेमादुरामध्ये, पोर्तुगालच्या सीमेकडे, 'तोर्ता देल कासार' नावाचं चीज होतं. मेंढीचं कच्चं दूध, आणि ते साकळायला एका रानटी काटेरी झाडाची वाळवलेली फुलं. आर्टिचोकच्या जातकुळीतलं झाड आहे, निळंजांभळं फूल येतं. त्या फुलांचे केसर पाण्यात भिजवतात आणि ते पाणी दुधात. प्राण्याचं काही नाही. तिथलंच ला सेरेनाही असंच.

या फुलांमुळे आणखी एक गंमत होते. आतला गर घट्ट न होता वाहता राहतो आणि चवीला किंचित कडवट झाक येते. वरची चकती टोपणासारखी कापायची, चमचा घालायचा आणि पावावर घ्यायचं. फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवल्याशिवाय हात लावू नका. वास दणदणीत असतो, शेजारी विचारतील. याच्याबरोबर रेड घेतलीत तर कडू अधिक तुरट, दुहेरी शिक्षा. मी आमोन्तियादो घेतो. नाहीतर रुएदाची वेर्देहो ही व्हाइट, तिलाही शेवटी हलकी कडवट झाक असते आणि ती इथे जुळते.

द्राक्षबागाईतदार | रविवार, दुपारी १:३०

मेसेताकरदादा, लेख आवडला पण 'रेड चालत नाही' हे जरा सरसकट झालं. मी नाशिकचा. वाइनरीच्या कामानिमित्त रिओहाला दोन आठवडे राहून आलोय. लोग्रोन्योच्या काये लाउरेल गल्लीत लोक उभ्याउभ्या मांचेगो आणि क्रियांसा (तिथली कमी मुरवलेली रेड) खातपीत होते, कोणाचं तोंड वाकडं झालेलं दिसलं नाही. आणि मांचेगो जिथलं, त्या ला मांचाचे लोक पिढ्यान्पिढ्या काय पितात? शेरी? त्यांच्या दारात एवढे प्रचंड मळे आहेत ना!

जाता जाता: रिओहातली ती तेम्प्रानियो द्राक्षं आमच्याकडेही लावलीत. नावाचा अर्थ 'लवकर येणारी', इतरांच्या आधी पिकतात म्हणून. त्यांच्याकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, आमच्याकडे जानेवारी ते मार्च. तिथल्या म्हाताऱ्या बागाईतदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, तुमच्याकडची वेल झोपते कधी?

मेसेताकर | रविवार, दुपारी ३:१५

मुद्दा मान्य. आणि वेलीच्या झोपेचा प्रश्न भारी आहे!

मांचेगो हा अपवाद आहे, पण तोही वयावर. मांचेगो म्हणजे फक्त मांचेगा जातीच्या मेंढीचं दूध, आणि तेही ला मांचातलंच: तोलेदो, सिउदाद रेआल, कुएंका आणि आल्बासेते या चार प्रांतांतलं. १९८४ पासून त्याला भौगोलिक नामांकनाचं संरक्षण आहे. कडेला जी वेणीसारखी नक्षी दिसते ती पूर्वी गवताच्या विणलेल्या पट्ट्यांत दही दाबायचे त्याची खूण. आता साचे प्लास्टिकचे, नक्षी मात्र तीच ठेवली आहे.

लहान चीज कमीत कमी ३० दिवस मुरतं, मोठं ६० दिवस, आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. दोनतीन महिन्यांचं कोवळं घेतलंत तर ते दुधाळ, रबरी, आणि त्याचं रेडशी तेच होणार जे तेतियाचं झालं. वर्षभर मुरलेलं घ्या. पाणी कमी झालेलं, सुरीने कापताना तुटतं, दाताखाली मिठासारखे कण लागतात (ते मीठ नव्हे, प्रथिनं फुटून तयार झालेले स्फटिक), चव खमंग, तळलेल्या काजूकडे झुकणारी. एवढं दणकट चीज असलं की रेड टिकते.

आणि लोग्रोन्योत तुम्ही क्रियांसा प्यायलात हे लक्षात घ्या. रिओहाच्या नियमाने क्रियांसा म्हणजे दोन वर्षं, त्यातलं निदान एक पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं. ग्रान रेसेर्वा पाच, त्यातली दोन पिंपात आणि दोन बाटलीत. लोक नेमकी इथे चूक करतात. चीजच्या पार्टीला सगळ्यात महागडी बाटली आणतात, तर चीजला हवी असते तरुण, फळाच्या चवीची, साधी. ग्रान रेसेर्वा भाजलेल्या कोकराबरोबर प्या. ती तिथली राणी आहे.

ला मांचाबद्दल: तिथला पारंपरिक मळा बराचसा आइरेन नावाच्या पांढऱ्या द्राक्षाचा होता. रेडची लागवड अलीकडे वाढली. तेव्हा 'पिढ्यान्पिढ्या रेड' हे तितकंसं खरं नाही. :)

ऱ्हस्वदीर्घ | रविवार, संध्याकाळी ६:४०

मूळ लेखात 'रिओहा' योग्य लिहिल्याबद्दल अभिनंदन, नाहीतर सगळीकडे 'रिओजा' वाचून डोळे पाणावतात. मात्र 'शेरी' कशाला? गावाचं नाव हेरेस. अरबांच्या काळात 'शरीश', त्यावरून इंग्रजांनी केलं शेरी. स्पेनमध्ये राहूनही इंग्रजांचा शब्द?

लेस्टरची_लेक | रविवार, संध्याकाळी ७:२०

ऱ्हस्वदीर्घ, इंग्रजांनी नावच नाही, मालही नेला होता. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने स्पेनच्या कादिस बंदरावर छापा घातला आणि २,९०० पिंपं शेरी पळवली. तेव्हापासून इथे इंग्लंडमध्ये लोकांना चटक लागली म्हणतात.

पण माझी खरी अडचण सांगते. इथे शेरी म्हणजे आजीबाईंचं पेय. ख्रिसमसला कपाटातून निघणारी, वर्षभर उघडी पडलेली गोड बाटली. ऑफिसच्या पॉटलकला मी फिनो नेली तर बॉसने विचारलं, ट्रायफल (शेरी घालून करतात ते पुडिंग) करणार आहेस का? आणि खरं सांगू, मला स्वतःलाही पहिला घोट बेचव वाटला. गोड नाही, फळ नाही, काहीतरी ओल्या भिंतीसारखा वास. हिच्यात नक्की आहे काय?

मेसेताकर | रविवार, रात्री १०:३०

लेक, पहिला घोट सगळ्यांनाच तसा लागतो. माझी पहिली बाटली मी मोरीत ओतली होती, आता सांगायला लाज वाटते.

ऱ्हस्वदीर्घ, बरोबर, पण 'हेरेस' लिहिलं असतं तर धागा तुम्ही एकटेच उघडला असता.

फिनो समजायची तर दुधावरची साय आठवा. पालोमिनो या पांढऱ्या द्राक्षाची वाइन करतात, तिच्यात थोडी द्राक्षाची दारू मिसळून ती १५ टक्क्यांवर आणतात आणि पिंप मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, साधारण सहावा हिस्सा रिकामा ठेवतात. वर यीस्टची पांढरी साय धरते. तिला तिथे 'फ्लोर' म्हणतात, फूल. ही साय खालच्या वाइनला हवा लागू देत नाही आणि तिच्यातली उरलीसुरली साखर, ग्लिसरीनसुद्धा खाऊन टाकते. म्हणून फिनो इतकी कोरडी. तुला आला तो 'ओल्या भिंतीचा' वास त्या सायीचाच. कोणाला तो सालासकट बदामासारखा लागतो, कोणाला कच्च्या सफरचंदासारखा, कोणाला भिजवलेल्या कणकेसारखा.

साय मेली किंवा मारली की हवा लागायला लागते, रंग तपकिरी होतो, चव अक्रोडाकडे जाते: आमोन्तियादो. मुळातच १७ टक्क्यांच्या वर नेली तर साय धरतच नाही, वाइन सुरुवातीपासून हवेतच मुरते: ओलोरोसो.

आणि मुरवण्याची पद्धत तर आपल्या विरजणाचीच. पिंपांच्या रांगा एकावर एक. बाटलीत भरायची ती सगळ्यात खालच्या रांगेतून काढतात, पण पिंप कधीच रिकामं करत नाहीत. काढलं तेवढं वरच्या रांगेतून खाली, तिथली तूट त्याच्या वरच्या रांगेतून. म्हणजे जुन्याचा अंश कायम शिल्लक. आजीने चाळीस वर्षं एकच विरजण चालवावं तसं.

चीजला ही का जमते? तुरटपणा जवळपास नाहीच, त्यामुळे कळकण्याचा प्रश्न मिटला. कोरडी आणि खारट वळणाची असल्याने जिभेवरची चरबी साफ करते. भज्यांवर ताक पितो, बांगड्यावर सोलकढी पितो, तोच हिशेब. आणि सुक्यामेव्याची चव मुरलेल्या चीजमध्येही असते, तिला हिची साथ मिळते.

हेरेसमधले लोक एक ओळ म्हणतात: पाण्यात पोहतं त्याला फिनो, हवेत उडतं त्याला आमोन्तियादो, जमिनीवर धावतं त्याला ओलोरोसो. मासे, कोंबडी, मटण. चीज यात नाही, पण मी मेंढपाळाच्या बाजूने लावतो: बकरीच्या चीजला फिनो, मेंढीच्या मुरलेल्याला आमोन्तियादो किंवा ओलोरोसो. कादिसच्या डोंगरातलं पायोयो बकरीचं चीज आणि फिनो, दोन्ही एकाच प्रांतातली. ही माझी स्पेनमधली सगळ्यात आवडती जोडी. यापुढे मी वाद घालत नाही.

भटकी_भिंगरी | सोमवार, सकाळी ९:१०

शेरीवरून आठवलं! बार्सिलोनात एका कॅफेत मोठ्या ऐटीत म्हटलं, "ऊना मान्सानिया, पोर फावोर." वेटरने आस्थेने विचारलं, पोट बिघडलंय का? आणि पाच मिनिटांत वाफाळता कप आणून ठेवला. मान्सानिया म्हणजे तिथे कॅमोमाइलचा काढा! चीजच्या ताटलीबरोबर मी निमूटपणे काढा प्यायले. नवरा अजून चिडवतो.

मेसेताकर | सोमवार, सकाळी ९:४५

:)) पुढच्या वेळी 'ऊना कोपा दे मान्सानिया' म्हणा. कोपा म्हटलं की काढा येत नाही. खरी मान्सानिया सानलुकारची, समुद्राकाठच्या गावातली. तीही फिनोच, फक्त तिथे मुरलेली. दमट हवेने तिथली साय जाड धरते.

खडूस_काका | सोमवार, दुपारी १२:२५

पिठलं-भाकरीला कांदा लागतो हे सांगायला कोणाला धागा काढावा लागला नव्हता. ही सगळी जोडाजोडी वाइन विकणाऱ्यांनी काढलेली थेरं. जे आवडेल ते खावं, जे परवडेल ते प्यावं.

चिंचगूळ | सोमवार, दुपारी १२:४०

काका, पिठल्याबरोबर तुम्ही श्रीखंड खाल का? नाही ना. मग झालं.

डोंगरवेडा_४२ | सोमवार, रात्री ८:५०

काकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मी आस्तुरियासमध्ये पिकोस दे एउरोपाला ट्रेकला गेलो होतो. तिथलं काब्रालेस चीज डोंगरातल्या नैसर्गिक गुहांमध्ये मुरवतात. थंड, ओलसर गुहा, त्यातच निळी बुरशी धरते. पूर्वी पानांत गुंडाळायचे. २०२३ च्या स्पर्धेत एक चाक ३०,००० युरोंना लिलावात गेलं, म्हणून बातम्यांतही होतं. आम्ही खाल्लं ते अर्थात त्यातलं नव्हे. जीभ चुरचुरते, नाकातून वाफ निघते. मिरचीचा ठेचा खाणाऱ्या माणसालाच झेपेल.

त्याच्याबरोबर तिथे कोणी वाइन पीतच नव्हतं. सगळे सिद्रा, सफरचंदाची आंबवलेली दारू. वाढपी बाटली डोक्याच्या वर धरतो, ग्लास गुडघ्यापाशी, आणि न बघता धार सोडतो. तळाशी दोन बोटं पडली की फेस असेपर्यंत एका दमात प्यायची. निम्मी जमिनीवर. तिथे सफरचंद पिकतं म्हणून सफरचंदाची दारू, बस्स. कोणी पुस्तक वाचून ठरवलेलं नाही.

मेसेताकर | सोमवार, रात्री १०:१५

डोंगरवेडा, अगदी. काब्रालेसला सिद्रा हीच घरची जोडी, मी वाइनप्रेमी असूनही तिच्यात ढवळाढवळ करणार नाही. फक्त जेवण संपताना काब्रालेसचा बोराएवढा तुकडा आणि पेद्रो हिमेनेस शेरीचा एक घोट घेऊन बघ. ती द्राक्षं उन्हात वाळवून केलेली, काळीभोर, काकवीसारखी दाट. झणझणीत खारट आणि गडद गोड, म्हणजे आपली खारी बुंदी आणि गूळ. साधं मांचेगो असेल तर मेंब्रियोची वडी, क्विन्सच्या फळाची. आंबावडीची लांबची बहीण.

बास्क प्रदेशातलं इदियासाबाल राहून गेलं. लाचा जातीच्या मेंढीचं, कधी धुरावलेलं. मेंढपाळांच्या झोपड्यांत चुलीच्या वर चीज ठेवायचे, धूर आपोआप बसायचा. धुरावलेल्याला तरुण रिओहा छान जाते, म्हणजे द्राक्षबागाईतदारांचा अर्धा विजय इथेही. आणि गेल्या आठवड्यातल्या बिचाऱ्या तेतियाला त्याच्या गावची आल्बारिन्यो ही व्हाइट हवी होती, नाहीतर काव्हा, म्हणजे स्पेनची फेसाळ वाइन. बुडबुडे आणि आंबटपणा मऊ चीजला सोडवतात.

द्राक्षबागाईतदार | पुढचा रविवार, रात्री ९:३०

प्रयोगाचा अहवाल. मुंबईच्या एका दुकानातून एक वर्षाचं मांचेगो (किंमत बायकोला सांगितलेली नाही), पुण्याच्या ओळखीच्या माणसाने केलेलं मऊ, ताजं गाईचं चीज. वाइन: आमची तेम्प्रानियो, लाकूड न दाखवलेली. भाच्याने दुबईहून आणलेली फिनो, अर्धी बाटली. परीक्षक: मी, बायको, वडील (वय ७६, आयुष्यात वाइन दोनदा).

मांचेगो आणि तेम्प्रानियो: जमलं, मी जिंकलो. मऊ चीज आणि तेम्प्रानियो: बायको म्हणाली, "स्टीलचा चमचा चाटल्यासारखं." कळकलं, मान्य. मांचेगो आणि फिनो: पहिल्या घोटाला सगळ्यांची नाकं मुरडली. दुसऱ्याला शांतता. मग वडिलांनी काही न बोलता ताटली स्वतःकडे ओढली आणि खारवलेले बदाम मागवले. हे त्यांना कोणी सुचवलं नव्हतं.

प्रश्न एकच: फिनो तीन बोटं उरलीये. रेडसारखी ओट्यावर राहील का?

मेसेताकर | पुढचा रविवार, रात्री ९:४१

अजिबात नाही! बूच लावून फ्रीजमध्ये, उभी. साय आता तिच्यावर नाही, हवा लागली की चारसहा दिवसांत उतरते. गार असतानाच प्या, आठ-नऊ अंशाला. वडिलांना विचारून बघा, उरेल असं वाटत नाही. उरलीच तर मशरूम लसणावर परतताना घाला.

आणि त्यांना बदाम कसे सुचले ते विचारून इथे लिहा, प्लीज.